झाऱ्यातलं ब्रोमीन

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. त्याच लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार असल्यामुळे जिभेला या ब्रोमाइडचा पत्ता कधी लागत नाही. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरांत पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकतं, उन्हाने आटतं, मीठ धरतं. मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी उरतं, त्यात हे ब्रोमाइड साठत गेलेलं असतं. १८२६ साली आंत्वान बालार या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माँपेलिएजवळच्या मिठागरांच्या अशाच उरलेल्या पाण्यातून लालसर तपकिरी रंगाचा, नाक जाळणारा द्रव वेगळा काढला. ते ब्रोमीन. आपल्याकडे कच्छमध्ये आजही ते अशाच पाण्यातून काढतात.

शिरोडं लोकांना १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे माहीत आहे. माझं माहेर तिथून जवळ. नोकरी मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत, आणि तिथे मी रोज शोधते ते हेच ब्रोमीन, प्लास्टिकमध्ये शिरलेलं. मिठागराच्या पाण्यातलं ब्रोमाइड निसर्गाचं आहे, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती कार्बनला घट्ट बांधून टीव्हीच्या पाठीमागच्या कवचात, चार्जरच्या डबीत, मीटरच्या पेटीत घातलेल्या ब्रोमीनची. तिथून ते आता आमच्या स्वयंपाकघरात पोचलं आहे.

ते प्लास्टिकमध्ये घातलं गेलं त्याला चांगलं कारण होतं, हे आधी सांगायला हवं. प्लास्टिक पेटतं तेव्हा खरं तर त्यातून तापून निघणारे वायू पेटत असतात. ज्वाळेत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे अतिशय चपळ तुकडे तयार होतात, एकातून दुसरा निघत आग पुढे सरकते. ब्रोमीनयुक्त रसायन तापलं की त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड सुटतं आणि ते नेमके हेच तुकडे पकडून साखळी तोडतं. जोडीला अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचं ट्रायऑक्साइड घातलं तर काम आणखी चोख होतं. प्रयोगशाळेत त्याची एक सरळ परीक्षा असते: प्लास्टिकची पट्टी उभी टांगायची, खालून दहा सेकंद ज्योत धरायची, ज्योत काढल्यावर दहा सेकंदांच्या आत ती विझली पाहिजे आणि वितळलेला पेटता थेंब पडून खालचा कापूस पेटता कामा नये. ही परीक्षा उत्तम उतरलेल्या मालाला ‘व्ही-झिरो’ म्हणतात. आमच्या कोकणात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, वायरिंग जुनं, वाशांना लागून मीटरची पेटी. ती पेटी व्ही-झिरोची असलेली मला हवीच आहे.

अडचण पुढे आहे. आग रोखण्यासाठी अशा कवचांत जे रसायन भरपूर वापरलं गेलं, ते पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर, म्हणजे पीबीडीई, प्लास्टिकच्या साखळीला जोडलेलं नसतं. नुसतं मिसळलेलं असतं. शंभर किलो कवचात दहा-बारा किलोसुद्धा. वर्षानुवर्षं ते सुटत राहतं, घरातल्या धुळीत बसतं, चरबीत साठतं. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासल्यावर दिसलं की १९७२ ते १९९७ या काळात दुधातलं पीबीडीईचं प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेलं होतं. कोणत्याही आईने ते विकत घेतलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या साऱ्या वाचनात या एका आलेखाइतकं दुसऱ्या कशाने मला हलवलेलं नाही.

मग बंदी आली, तुकड्यातुकड्याने. युरोपने १ जुलै २००६ पासून विद्युत वस्तूंत पीबीडीई आणि त्याचंच भावंड पीबीबी ०.१ टक्क्याच्या वर चालणार नाही असं ठरवलं. आपल्याकडे ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत हीच मर्यादा आली. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ साली पीबीडीईचे काही प्रकार आले, २०१३ साली थर्माकोलच्या इन्सुलेशनमध्ये वापरलं जाणारं एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त रसायन, २०१७ साली डेका-बीडीई, म्हणजे दहा ब्रोमीनचं पीबीडीई. मात्र २००९ च्या त्या नोंदीत एक सवलत होती: ही रसायनं असलेल्या जुन्या वस्तूंचा पुनर्वापर करायला २०३० पर्यंत मुभा. हेतू प्लास्टिक वाया जाऊ नये हाच असणार. पण त्या मुभेतून एक वाट उघडली आणि त्या वाटेने टीव्हीचं कवच भंगारात गेलं, दळलं गेलं, त्याचा दाणा झाला, आणि दाण्यातून काय काय झालं ते पाहायला आठवडा बाजारात जावं लागतं.

बाजारात काळ्या प्लास्टिकचे ढीग असतात. झारे, उलथणी, पळ्या, केसांच्या क्लिपा, गाड्यांची खेळणी. काळाच रंग का, तर निरनिराळ्या रंगांचं भंगार एकत्र वितळवलं की येणारा मळकट रंग काजळीने झाकता येतो. शिवाय जुन्या टीव्ही-संगणकांची कवचं बरीचशी काळीच. झाऱ्याला आग रोखायची गरज नाही. त्यात ब्रोमीन सापडलं तर ते कोणी मुद्दाम घातलेलं नसतं, आलेलं असतं. हे आकड्यावरूनच कळतं. आग रोखायची तर प्लास्टिकमध्ये हे रसायन काही टक्के लागतं. काही शे पीपीएम, म्हणजे दहा लाखांत काही शे भाग असेल, तर त्याने आग विझत नाही. एवढं ब्रोमीन आणि त्याच्याबरोबर अँटिमनी, हे दोन्ही एकदम दिसले की तो दाणा पूर्वी कोणत्यातरी विद्युत वस्तूत होता असं आम्ही धरून चालतो.

मी गावी गेले की बाजारातल्या अशा वस्तू विकत घेऊन प्रयोगशाळेत नेते. काहींत ब्रोमीन आणि अँटिमनी दोन्ही दिसले आहेत, काहींत काहीच नाही, आणि बाहेरून पाहता दोन्ही झारे सारखेच काळे, सारखेच चकचकीत. हातात घेऊन, वास घेऊन, वाकवून कुणालाही फरक सांगता येणार नाही. म्हणून तपासणी लागते, आणि ती कशी होते ते थोडं सविस्तर सांगते, कारण रिपोर्टवरच्या एका ओळीमागे काय काय असतं हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पहिली पायरी एक्सआरएफची. यंत्र वस्तूवर क्ष-किरण सोडतं, त्यातल्या मूलद्रव्यांकडून प्रत्येकाचा स्वतःचा किरण परत येतो. अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर ब्रोमीनचा आकडा उमटतो. वस्तू तोडावी लागत नाही, विरघळवावी लागत नाही. मात्र यंत्राला फक्त ब्रोमीन दिसतं, ते कशाला चिकटलेलं आहे हे दिसत नाही. ते बंदी असलेलं डेका-बीडीई असेल, सर्किट बोर्डात पक्कं बांधलं गेलेलं टीबीबीपीए हे दुसरं अग्निरोधक असेल, किंवा डेकाच्या जागी आलेलं, त्याच्यासारखंच पण नियमांच्या यादीबाहेरचं एखादं नवं रसायन असेल. म्हणून प्लास्टिकसाठी एक उंबरठा ठरलेला आहे, साधारण ३०० पीपीएम ब्रोमीन. हा आकडा हवेतून आलेला नाही. पीबीडीई कुटुंबात सगळ्यात कमी ब्रोमीन एकच अणू असलेल्या रेणूत असतं, वजनाच्या सुमारे ३२ टक्के. म्हणजे तो रेणू १००० पीपीएमच्या मर्यादेला पोचला तरी ब्रोमीन ३२० च्या आसपासच दिसेल. त्याच्या खाली ब्रोमीन असेल तर मर्यादा ओलांडलेली असणं शक्य नाही. वर असेल तर पुढच्या पायरीवर जायचं.

पुढची पायरी सावकाशीची. वस्तूचे तुकडे करायचे, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते इतके थंड करायचे की ठिसूळ होतील, मग दळायचे. साध्या दळणीत प्लास्टिक तापून वितळतं, पीठ होत नाही. त्या पिठातलं चिमूटभर, सुमारे शंभर मिलिग्रॅम, कागदी टोपणात भरून सॉक्सलेटच्या काचेच्या नळकांड्यात ठेवायचं. खाली टोल्यूइन हे द्रावक उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन पिठावर ठिबकते, नळकांडं भरलं की आपोआप रिकामं होतं आणि पुन्हा भरतं. निदान दोन तास हे चालतं. काचेची भांडी तपकिरी असतात किंवा त्यांना अॅल्युमिनिअमची फॉइल गुंडाळतात, कारण डेका-बीडीईला उजेड सोसत नाही. उन्हात त्याचा एकेक ब्रोमीन गळतो आणि नऊ-आठ ब्रोमीनवाली धाकटी भावंडं तयार होतात. खिडकीपाशी ठेवलेल्या नमुन्याचा निकाल मूळ प्लास्टिकबद्दल काही सांगत नाही, खिडकीबद्दल सांगतो.

मग जीसी-एमएस. बारीक नळीतून रेणू एकामागून एक बाहेर पडतात आणि वस्तुमानाप्रमाणे मोजले जातात. डेका जड, वस्तुमान ९५९ च्या घरात, फार वेळ तापवलं तर नळीतच मोडतं. म्हणून इतर कामांना वापरतात त्याच्या निम्म्या लांबीची, पंधरा मीटरची नळी त्याला लागते. आणि इथे मला ब्रोमीनचं एक रूप दिसतं ज्याची मला अजूनही सवय झालेली नाही. निसर्गात ब्रोमीन ७९ आणि ८१ अशा दोन वजनांत जवळजवळ निम्मं-निम्मं असतं. त्यामुळे अनेक ब्रोमीन असलेल्या रेणूचा पडद्यावर एकटा सुळका येत नाही. दोन-दोन अंकांच्या अंतरावर सुळक्यांची रांग येते, मधले उंच, दोन्हीकडे उतरत गेलेले. संध्याकाळी बाहेरून माजघरात आल्यावर डोळ्यांना समई दिसावी तशी ती रांग गर्दीतूनही ओळखू येते. सुंदर आहे ते. ज्या गोष्टीची भीती घेऊन आपण बसलो आहोत ती इतकी नेटकी असावी, हे मनात येतंच.

प्रत्येक खेपेला नमुन्याबरोबर एक कोरी धाव घ्यायची: सगळं तेच, फक्त प्लास्टिक नाही. त्यात काही आलं तर मळ आपल्याच भांड्यांत आहे. प्रत्येक नमुन्यात एक ओळखीचं रसायन मोजून टाकायचं आणि शेवटी ते किती परत मिळालं ते बघायचं. निम्मंच मिळालं तर सगळं पुन्हा. एवढं झाल्यावर रिपोर्टमध्ये दहा पीबीडीई, दहा पीबीबी, एकेकापुढे आकडा, किंवा ‘आढळलं नाही’. त्या ‘आढळलं नाही’च्या शेजारी किती खालपर्यंत पाहिलं तेही लिहिलेलं असतं. रिपोर्ट हातात पडला की लोकांनी तो स्तंभ आधी वाचावा असं मला फार वाटतं. आणि यादीही वाचावी. वीस रसायनांची चाचणी झाली असेल तर एकविसाव्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही.

आता या सगळ्याचा आमच्या बांगड्याशी संबंध. इंग्लंडमध्ये २०१८ साली काळ्या स्वयंपाकी उपकरणांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की नुसतं हाताळण्यातून फारसं काही अंगात जात नाही, पण तापलेल्या तेलात ही रसायनं बरीच उतरतात. ती चरबीत विरघळणारी आहेत, तेलाकडे जाणारच. आणि आमच्याकडे झारा असतो कुठे? तेलातच. बांगडा उलटायला, कापा परतायला, वडे काढायला. पॅनच्या कडेला टेकवून ठेवलेला, टोक तेलात बुडालेलं, कधी कधी टोक वितळून वाकडं झालेलं.

काकीला मी तिचा वाकडा झारा टाकायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “कित्याक गो टाकूचो? बरो आसा मगे.” तिचं खोटं नव्हतं. झारा धड होता, पैसे देऊन घेतला होता, आणि त्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिला आकडा सांगितला. तिने विचारलं, “म्हंजे कितक्या? ह्येणा काय जाता?” हा प्रश्न तिचा एकटीचा नाही आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणं अवघड आहे.

किती अवघड, ते २०२४ साली जगाने पाहिलं. अमेरिकेतल्या काळ्या प्लास्टिकच्या २०३ घरगुती वस्तू तपासल्याचा एक शोधनिबंध ‘केमोस्फिअर’ या नियतकालिकात आला. एक्सआरएफमध्ये २० वस्तूंत ५० पीपीएमच्या वर ब्रोमीन निघालं आणि त्यांपैकी १७ वस्तूंत अग्निरोधक रसायनं सापडली. निबंधात अंदाज होता की अशा झाऱ्यांमधून माणसाच्या पोटात डेका-बीडीई रोज ३४,७०० नॅनोग्रॅम जाऊ शकतं. सुरक्षित मर्यादा शरीराच्या किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४,२०,०००. निबंधात गुणाकार ४२,००० लिहिला गेला. एका शून्याने चित्र पालटलं: अंदाज मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर गेल्यासारखा वाटला, प्रत्यक्षात तो आठ टक्के होता. डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापली गेली. तोवर जगभर लोकांनी काळे झारे फेकले होते, आणि दुरुस्तीनंतर त्यातलेच काही जण म्हणाले, बघा, सगळी अफवाच होती.

दोन्ही म्हणणी मला मान्य नाहीत. चुकलेला गुणाकार सुधारायलाच हवा होता. पण चूक होती ती मर्यादेशी केलेल्या तुलनेत. वस्तूंमध्ये रसायन सापडलं, हा भाग तसाच उभा आहे. आणि मर्यादेच्या आठ टक्के हा आकडाही झाऱ्याला कोणी परवाना म्हणून देऊ नये. त्या झाऱ्याखेरीज घरातली धूळ आहे, गादीचा फोम आहे, चरबीच्या मासळीतून येणारं आहे, आणि तान्ह्या मुलाचं वजन ६० किलो नसतं. काकीला मी सांगितलं ते असं: एका झाऱ्याने तुला उद्या काही होणार नाही. पण जे पोटात जायचं काहीच कारण नाही, ते थोडंसुद्धा कशाला जाऊ द्यायचं? तिच्याकडे करवंटीचा डवला होता, लोखंडी उलथणं होतं. बाजारात सावंतवाडीची लाकडी खेळणीही मिळतात, काळ्या गाड्यांपेक्षा महाग असतात हे खरं.

झाऱ्यापेक्षा मला जास्त भीती चुलीची वाटते. आमच्याकडे न्हाणीची पाणचूल अजून पुष्कळ घरांत पेटते. माडाची चुडतं, सोडणं, पिड्या, जळाऊ लाकूड. पावसाळ्यात सगळं दमट, मग धग धरायला प्लास्टिकची पिशवी, तुटलेली बादली, फुटलेल्या रेडिओचं कवच. ब्रोमीनयुक्त प्लास्टिक असं अर्धवट, कमी तापमानाला जळतं तेव्हा ब्रोमीनचे डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. मूळ रसायनापेक्षा ते कितीतरी विषारी. आग न लागावी म्हणून रसायन घातलेली वस्तू चुलीत टाकली की ती पेटायला कुरकुरते, काळा धूर ओकते, आणि पाणी तापवणारी बाई तोंड वळवून फुंकणीने फुंकत राहते. उरलेली राख नारळाच्या आळ्यात जाते, माठाच्या वाफ्यात जाते. अँटिमनी काही जळून नाहीसं होत नाही. भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्याच्या, दिवसांत तरव्याच्या जागेवर पातेऱ्याबरोबर कचराही पसरलेला मी पाहते तेव्हा थांबून बोलते. लोक ऐकून घेतात. पण तुटका रेडिओ टाकायचा कुठे, याचं उत्तर मी त्यांना देऊ शकत नाही, कारण वाडीपासून हाकेच्या अंतरावर ई-कचरा घेणारं कोणी नाही.

थर्माकोलबद्दल थोडक्यात. बंदरावर मासळीचे थर्माकोलचे खोके फुटतात, त्यांचे मणी वाळूत मिसळतात. कोरियात मासेशेतीच्या थर्माकोल बोयांमध्ये एचबीसीडी सापडलं, आणि त्यांवर वाढलेल्या शिंपल्यांतही. आपल्या खोक्यांत आहे की नाही ते खोके तपासूनच कळेल.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येतं. आमच्या प्रयोगशाळेत येणारा बहुतेक माल कुठेतरी बाहेर जाणार असतो. युरोपात घेणारा विचारतो म्हणून इथला कारखानदार तपासतो. कोकणातल्या लोकांना हे नवं नाही: निर्यातीची कोळंबी तपासणीत अडकली की कंटेनर थांबतो, हे बंदरावरच्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुण्याच्या ताटात जाणाऱ्या कोळंबीचा कागद असतो. ती कोळंबी ज्या झाऱ्याने आपण आपल्या घरी तळतो, त्याचा कागद कुणी मागितलेला मी पाहिलेला नाही. टीव्हीला नियम आहे, कारण तो विद्युत वस्तू. तोच टीव्ही वितळून झारा झाला की तो ई-कचऱ्याच्या नियमाच्या कक्षेतून बाहेर पडतो. रसायन तेच राहतं, रेणूला वस्तूचं नाव बदललेलं कळत नाही.

भंगार गोळा करणाऱ्या माणसाला यात दोष देणं मला पटत नाही. त्याच्यापाशी तर तपासणीची जुनी युक्तीसुद्धा असते: मिठाचं पाणी. साधं एबीएस प्लास्टिक पाण्याहून थोडंसंच जड, घनता १.०५ च्या आसपास. ब्रोमीन भरलेलं बरंच जड. मिठाचं प्रमाण नेमकं जमवलं तर साधं तरंगतं, ब्रोमीनचं बुडतं. टाल्कची (शंखजिऱ्याची) पूड किंवा काचेचे धागे भरलेलं प्लास्टिकही बुडतं, म्हणून ही परीक्षा ढोबळ आहे. पण बुडालेला ढीग वेगळा ठेवून तो झाऱ्याच्या दाण्यात जाऊ न देणं एवढं तरी तिने साधतं, जर त्या बुडालेल्या ढिगाला कुणी रीतसर भाव देऊन उचलणार असेल. आज त्याला तसा घेणारा मिळत नाही, म्हणून दोन्ही ढीग पुन्हा एक होतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचं एम.एस्सी. शिकवलं जातं, त्यांच्याकडे मी हे मागणं घेऊन जाते आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात एका वर्गाने एका तालुक्याचे आठवडा बाजार घ्यावेत. काळे झारे, काळी खेळणी, बंदरावरचे थर्माकोलचे खोके. एक्सआरएफचं यंत्र सोनारांकडे असतं ते सोन्यासाठी जुळवलेलं, त्याचा इथे उपयोग नाही. प्लास्टिकसाठी जुळवलेलं यंत्र चाचणी प्रयोगशाळांत असतं, तिथे दिवसभराचे नमुने एकदम तपासून घेता येतात. उंबरठ्याच्या वर निघालेले तेवढेच जीसी-एमएसला पाठवायचे, म्हणजे खर्च आवाक्यात राहतो. प्रत्येक नमुन्याबरोबर बाजार, तारीख, वजन, रंग, साच्यावर उठवलेलं चिन्ह लिहून ठेवावं, दुकानदाराचं नाव लिहू नये, तो बिचारा विकत घेऊनच विकतो. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, मराठीत, आणि ‘आढळलं नाही’ असेल तिथे किती खालपर्यंत पाहिलं तेही. आणि पांढरे, लाल, हिरवे झारे, लाकडी उलथणी यांचेही तितकेच नमुने घ्यावेत. नुसते काळेच तपासले तर काळ्यात जास्त आहे हे म्हणायला आधार उरत नाही.